कुरडयांची राखण

तापलेली पृथ्वी निववण्यासाठी आकाशावर ऊन अडवणारा पडदा चढवला, तेव्हापासून गावातल्या कुरडया क्रिप्टोची आभासी नाणी काढणाऱ्या यंत्रांच्या खोलीमागे वाळत. आतली धग पंखे तिथेच बाहेर फेकत.

आज यंत्रं तापून बंद पडली. ती सांभाळणारा प्रभंजन धावत मागे गेला, तर पंख्याच्या जाळीला उघडी काळी छत्री बांधलेली.

“काकू, सगळी हवा कोंडली ना! छत्री कशाला?”

“कावळे येतात रे वाळवणावर,” वाळवणापाशी बसलेल्या यमुनाकाकू सवयीनं बोलून गेल्या. ऊन गेलं त्याच वर्षी कावळेही गेले होते.

प्रभंजनला गच्ची आठवली. लहानपणी राखणीला बसून तो ओल्या कुरडया चोरून खायचा आणि कावळ्यांचं नाव पुढे करायचा.

त्यानं छत्री सोडून लांबच्या खांबाला बांधली. मग एक कुरडई मोडून तुकडा कावळ्यांच्या नावानं भिंतीवर ठेवला.