लाटणं

स्काउटच्या उन्हाळी शिबिरात लेकीला भेटायला बबनराव मेडशीहून आले, तेव्हा मैदानावर पोरं तंबू ठोकत होती आणि संस्कृती चुलीपुढं पोळ्या लाटत होती. “तंबू बांधाले शिकली का, बेटा?” “नाही, बाबा. आमा पोरीईले रोज सयपाकच असते.” बबनरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी शिबिराच्या सरांना गाठलं. “पोया तं तिची माय घरीच शिकवते. इथं कायले धाडलं आमी पोरीले?” सर हसले. “मुलींनी नाही, तर पोळ्या काय मी लाटू?” बबनरावांनी लेकीच्या हातातलं लाटणं घेतलं. “ऊठ, तंबू बांधाले जाय.” जन्मात पोळी न लाटलेला बाप मांडी घालून पोळपाटापुढं बसला. पहिलीच पोळी फाटली. “या सर, बसा इथं. सोबतच शिकू,” ते म्हणाले. सर जागचे हलले नाहीत. बाकीच्या पोरींनी मात्र लाटणी खाली ठेवली.