मरिनसचं पान

“वही उघडायची नाही, पीटर,” आद्रियाना म्हणाली आणि वहीच्या पुठ्ठ्यावर दोन्ही हात ठेवून बसली.

पीटर तिचा भाचा आणि चर्चच्या पाच पंचांपैकी एक. चर्चमागच्या त्या लहानशा खोलीत तिसरी होती लिन टॅलबर्ट. लोकांच्या हरवलेल्या जुन्या विमा पॉलिसी शोधून काढणं हा तिचा धंदा.

“आत्या, सगळ्या पंचांना विचारून वही काढलीय. नवऱ्याचं पान बायकोने बघायला हरकत नाही म्हणाले.”

“मला बघायचंच नाही.”

आद्रियानाच्या नवऱ्याचं, मरिनसचं, ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. मरिनसला जाऊन तेरा वर्षं झाली होती आणि दुकानही कधीच बंद पडलं होतं. पण यंत्रातून गळलेलं रसायन मागच्या अंगणात मुरत मुरत शेजाऱ्यांच्या विहिरींपर्यंत पोचलं होतं. शेजारीण तान्ह्या मुलीच्या आंघोळीलाही विकतचं पाणी आणायची. सरकारने सांगितलं, माती आणि पाणी साफ करून द्या. तो खर्च घर विकूनही निघण्यासारखा नव्हता. वाट एकच होती. गळती चालू होती त्या वर्षांत मरिनसकडे दुकानाचा विमा असेल, तर कंपनीला आजही भरपाई द्यावी लागणार होती. फक्त विमा होता याचा लेखी पुरावा हवा.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. या चर्चमध्ये विमा उतरवणं पाप. भरवसा देवावर ठेवायचा, कंपनीवर नाही. मरिनसने विमा उतरवला असेल का, असं विचारलं की मंडळी चक्क हसायची. लिन मात्र हसली नाही. “ज्याला बंदी असते ते कुणी केलं, की दुसरं कुणीतरी लिहून ठेवतंच,” ती म्हणाली, आणि पंच असले गुन्हे कुठे लिहितात ते तिने विचारलं. तीच ही वही.

मरिनसचा काहीतरी गुन्हा होता, हे आद्रियानाला माहीत होतं. १९६९ पासून मरेपर्यंत पंचांनी मरिनसला प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, बसू दिलं नव्हतं. सगळे उठून टेबलाशी जायचे, तीही जायची, आणि हा एकटा बाकावर मान खाली घालून बसायचा. कारण पंच कुणाला सांगत नाहीत, घरच्यांनाही नाही. दरवर्षी दोन पंच घरी यायचे, बंद दाराआड मरिनसशी बोलायचे, आणि ती स्वयंपाकघरात कॉफी करायची. त्या दोघांतला एक तिचा सख्खा भाऊ, पीटरचा बाप. मरिनस दारूला शिवत नव्हता. मग उरलं काय? दुकानात इस्त्रीच्या कामाला कोरा नावाची एक मुलगी होती, दिसायला चांगली. आद्रियानाने नवऱ्याला कधी काही विचारलं नाही. ती फक्त त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. सोळा वर्षं तेवढंच बोलली. हट्टी बाई, दुसरं काय.

“घर गेलं तर गेलं,” ती आता लिनला म्हणाली. “मेलेल्या माणसाची लफडी मला कोर्टात नाचवायची नाहीत.”

“आणि शेजारणीची विहीर?”

 आद्रियानाने वहीवरचे हात उचलले.

पीटरने पान शोधलं. अक्षर त्याच्या वडिलांचं होतं. तो वाचू लागला, “बंधू मरिनस यांनी दुकानाचा विमा उतरवल्याचं कबूल केलं.” पुढे कंपनीचं नाव होतं, पॉलिसीचा क्रमांक होता. “रद्द करायला सांगितलं. नकार दिला. म्हणाले, उद्या यंत्रामुळे कुणाचं नुकसान झालं तर माझी बायको रस्त्यावर येईल. पत्नीला माहीत आहे का, विचारलं. नाही म्हणाले. तिला सांगितलं तर तीही दोषी ठरेल आणि तिलाही भोजनाला बसता येणार नाही, म्हणून सांगितलेलं नाही.”

खाली दर वर्षाची एकेक ओळ. विमा चालू आहे. रद्द करा म्हटलं. नकार. अशा सोळा ओळी.

लिनच्या पेनाला उसंत नव्हती. सोळा वर्षांचा सलग पुरावा. कंपनीला आता कानांवर हात ठेवता येणार नव्हते.

आद्रियाना रडत होती. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा जास्त मरिनसची आठवण येत होती.

“सोळा वर्षं माझ्या हातची कॉफी ढोसली तुझ्या बापाने,” ती पीटरला म्हणाली. “आणि तोंडातून एक अक्षर नाही.”

“पंचांना शपथ असते, आत्या.” पीटर घुटमळला. माणूस वाईट नव्हता, पण पंच होता. “आणखी एक सांगायलाच हवं. हे पैसे तू मागितलेस, तर तो विमा तुझाही झाला. नियम अजून तोच आहे. मला तुझं नाव या वहीत लिहावं लागेल. मग ईस्टरला तुला टेबलाशी येता येणार नाही.”

पन्नास वर्षांत आद्रियानाचं एकही प्रभुभोजन चुकलं नव्हतं. याच टेबलापासून आपली शवपेटी निघावी एवढीच तिची इच्छा, हे पीटरलाही माहीत होतं.

तिने डोळे पुसले. वही स्वतःकडे ओढून शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं.

“लिही,” ती म्हणाली. “पण नवं पान घेऊ नकोस. इथे, त्याच्या खाली जागा आहे.”