माळावर अनवाणी

“चपला हातात घे, सिद्राम. मातीत माळढोकाचं अंडं असेल. वर्षाला एकच घालते रे मादी!”

चाळीस वर्षांपूर्वीचा गुरुजींचा तो आवाज सिद्रामच्या कानांत अजून ताजा होता. ससे मारत हिंडणाऱ्या सिद्रामला त्यांनीच राखणदार केलं होतं. गावोगाव हात जोडून, शिव्या खाऊन त्यांनी हा उजाड माळ पक्ष्यांसाठी राखून घेतला. पुढे गुरुजींची दृष्टी गेली. मग रोज संध्याकाळी ओट्यावरून ते विचारायचे, “दिसला का रे?”

“दिसला की! मान ताठ करून चालला हुता, तुमच्यावानी.”

गुरुजी हसायचे आणि मगच जेवायला उठायचे.

“शेवटचा माळढोक जिथे दिसला, तिथे माझी राख सोडा,” एवढंच ते सांगून गेले.

आज त्यांची लेक, कुमुदताई, कलश घेऊन माळावर आली होती. “परवाच दिसला होता ना, सिद्रामकाका? कुठे?”

सिद्रामने कुसळी गवतापलीकडे उगाच बोट केलं. ताईंनी वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि जपून पाऊल टाकलं. लगेच काटा रुतला, तरी त्या थांबल्या नाहीत.

सिद्रामला राहवलं नाही. धावत जाऊन तो त्यांच्या पायाशी बसला.

“चपला घाला, ताई. सात वर्सं झाली, माळढोक दिसला न्हाई. गुरुजींनी जेवावं म्हणून रोज खोटं बोललो मी.”