सुट्टीतला वर्ग

"सारिके, दप्तर उचल आन् चल घरी."

मुक्ताबाई वर्गाच्या दारात उभ्या होत्या. सारिका फळ्यापाशी होती. कड्यावरून फेकलेला चेंडू किती लांब जाऊन पडेल, ते ती बाकीच्या मुलांना समजावून देत होती. वेगाचे दोन भाग करायचे, एक आडवा, एक उभा. आडवा लिहून झाला होता. तिनं आईकडे पाहिलं, मग सरांकडे. खडू खाली ठेवला आणि आईच्या मागोमाग जिना उतरून गेली.

राजेंद्र सर कामशेतला तांदळाच्या एका दुकानाच्या माडीवर हा वर्ग घेत. बारावीची परीक्षा संपली की पवन मावळातली मुलं सुट्टीभर तिथं येत. घोकून बारावी निघते, कॉलेज निघत नाही, असं सर म्हणत. गणित आणि भौतिकशास्त्र ते मुळापासून पुन्हा शिकवत. आधी मराठीत, मग इंग्रजीत. त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर पहिल्या वर्षाला सहसा अडखळत नसे. पण सारिकासारखी मुलगी त्यांना फार दिवसांनी मिळाली होती. उत्तर बरोबर आल्यावरही ती विचारायची, "पण असं का?" असं विचारणारा याआधी एकच जण होता. तिचा थोरला भाऊ, संदेश.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर सर जीपनं पवनानगरला गेले. मायलेकी खाचरात होत्या. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची होती, म्हणून वाळला पाला पसरत होत्या.

"पोरीचं डोकं संदेशसारखं आहे," सर म्हणाले. "वाया घालवू नका, मुक्ताबाई."

"संदेशसारखं हाय, म्हनूनच नेली."

मुक्ताबाई बांधावर बसल्या. संदेश पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा दर शनिवारी घरी असायचा. मग सणावारी दिसू लागला. बंगळूरला नोकरी लागली आणि नुसता फोन उरला. पुढं तोही कमी झाला. वडील वारले, तेव्हा दहाव्याला सकाळी गाडी करून आला आणि दुपारची जेवणं उरकताच गेला. त्यानंतर त्याचे पाय या घराला लागले नव्हते. भांडण झालं नव्हतं. कुणी कुणाला दुखावलं नव्हतं. मुक्ताबाईंना तेच उमगत नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

"तुमाला येतो का फोन त्याचा?" त्यांनी विचारलं.

सरांना खोटं बोलवेना. "गुरुपौर्णिमेला येतो."

मुक्ताबाईंनी पदराला चिकटलेला पाला झटकला. मग म्हणाल्या, "बरा हाय नव्हं? जेवतो का येळेवर?"

सरांनी संदेशला हे कधी विचारलं नव्हतं. कामाबद्दल विचारलं होतं. पुढच्या शिक्षणाबद्दल विचारलं होतं.

"हिला हितंच काम मिळतंय," मुक्ताबाई म्हणाल्या. "धरणाच्या कडंला तंबू हायेत, तितं शहरातनं येनाऱ्या पाव्हण्यांचं बघायचं. सांच्याला घरात आसंल."

सारिका पाल्याचा भारा टाकून पुढं आली. "आई, मी दादासारखी न्हाई. दर शनिवारी घरी दिसंन तुला. तुझी शपथ."

"त्यानं बी घेतली व्हती."

"मी शब्द देतो," सर म्हणाले. "सारिका परत घरी येईल. मी जातीनं लक्ष घालीन."

मुक्ताबाई उठल्या. काडी ओढून पाल्याला लावली. धूर झाला, आणि पलीकडे उभी असलेली सारिका दिसेनाशी झाली.

परतीच्या जीपमध्ये सरांना आपल्याच शब्दाची भीती वाटू लागली. ते एकेक चेहरा आठवू लागले. कुणी पुण्यात होतं, कुणी नाशिकला, कुणी परदेशात. त्यांच्या वर्गातून गेलेलं आणि गावात परत येऊन राहिलेलं एकही पोर त्यांना आठवलं नाही. आजवर त्यांना याचा अभिमान वाटत आला होता.

पुढचे काही दिवस सारिकाची जागा रिकामी राहिली. फळ्यावरचं ते अर्धं उदाहरण सरांनीच पुरं केलं. "पण असं का?" असं कुणी विचारलं नाही.

मग एका सकाळी मुक्ताबाई स्वतःच तिला घेऊन आल्या. सारिका मान खाली घालून जागेवर बसली. तिचे डोळे सुजलेले होते. मुक्ताबाईंनी सरांना जिन्यात बोलावलं.

"घ्या सर. शिकवा तिला."

"मुक्ताबाई, मी दिलेला शब्द..."

"त्यो नगं." त्यांनी हातानंच थांबवलं. "इतके दिस पोरगी घरात व्हती. भाकरी थापली, धुणं धुतलं, बोलवलं की व्हय म्हनली. पर घरात नव्हती. धरून ठिवली तरी गेल्यालीच हाय ती."

आत मुलं वह्या उघडत होती. कुणीतरी सारिकाला काहीतरी विचारलं आणि ती हलक्या आवाजात समजावून सांगू लागली. मुक्ताबाई तिकडे कान देऊन उभ्या राहिल्या. पदरानं तोंड पुसलं.

"तिला चांगलं तयार करा. आन् कालिजाला निघायच्या आधी माझं एक काम करा. माझ्या तोंडानं मला सांगवायचं न्हाई."

"सांगा ना."

"एकाची वाट बघती हाय, तेवढी पुरी झाली. दोघांची न्हाई व्हायची माझ्यानं. घरातनं पाऊल टाकताना पोरीनं 'येते' म्हनू नये, सर. 'जाते' म्हन, म्हनावं तिला."