ठेकेदारांची जाहीर सभा

खैरलांजीकडच्या एका गावात घरपट्टी अर्धी करायची की नाही, यावर रविवारी मतदान होणार होतं. गावाची काळजी गावापेक्षा बालाघाटच्या ठेकेदार संघालाच जास्त. लोकांनी 'नाही' म्हणावं म्हणून ठेकेदारांनी आपसांत चंदा गोळा केला आणि गावच्या मुख्य रस्त्यावरच जंगी सभा ठेवली.

मंडप उभा राहायच्या आधीच अध्यक्ष लोकेशभाऊंनी भाषणाची तालीम सुरू केली. "भावाबहिनींनो, पट्टी कमी झाली तं पैसा कुठून येईन? अन् पैसाच नाही आला तं असे पक्के रस्ते कोन बांधून देईन? हाच रस्ता पाहा! दिवाळीले मी सोता उभा राहून बांधला. तुमचे नातू वापरतीन!"

मंडपवाला फकिरा मघापासून खांब धरून उभा होता. त्यानं भीतभीत विचारलं, "भाऊ, शिमिटाचा रस्ता आहे. खांब गाडाले बालाघाटून ड्रिल मशीन आनू का? भाडं लागन."

भाऊ भडकले. "चंद्याचा पैसा उडवाले आहे का बे? मशीन काहून पाह्यजे? टाचेनं उकर."