कोरडा रॅम्प

चाक घसरल्याचा इशारा देणारा तो पिवळा दिवा प्रबोधच्या गाडीत रोज संध्याकाळी एकाच जागी लागायचा, सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या कारपार्कच्या रॅम्पवर, ऐन चढावर. बर्फाच्या देशांत चाक निसटलं की लागतो तो. इथे तर बारा महिने घामाच्या धारा.

ऑफिसातही त्याचं दिवसभर हेच चालायचं, सेन्सरचे खोटे अलार्म शोधायचे आणि बंद करायचे. गॅरेजवाल्याच्या मते सेन्सर ठणठणीत होता. आज प्रबोधच्या अंगात वैतागायचंही त्राण नव्हतं. त्याने बटण दाबून घसरण रोखणारी ती यंत्रणाच बंद करून टाकली.

दिवा लुकलुकतच राहिला.

"बाबा, गॉट आइस लाह," मागच्या सीटवरून सात वर्षांची उल्का म्हणाली.

"कुठला बर्फ गं? थांब, दाखवतो." हँडब्रेक ओढून तो उतरला. उन्हाने तापलेलं काँक्रीट अजून गरम होतं. त्याने त्यावर बूट खसाखसा घासून दाखवला. "बघ, कोरडं ठाक."

उल्काच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती.

मग चारही चाकं तशीच घट्ट, न फिरता, गाडी हळूच उताराकडे सरकू लागली. जराही आवाज नाही.

तो दाराकडे झेपावला, आणि मघाशी घासलेल्या त्याच जागेवरून त्याचा पाय सर्रकन निसटला.