बाबांचा तोंडी हिशेब

चक्रीवादळानंतर हापाई बेटावर वीज नव्हती. निवृत्त विज्ञानशिक्षक सेमिसींचं ऑक्सिजनचं यंत्र बॅटरीवर चालू होतं.

"बाबा, मीटरवर उरलेला चार्ज कूलंबमध्ये दिसतोय. किती वेळ पुरेल?" लेसिएलीने विचारलं.

"छत्तीसशेने भागलं की अँपिअर-तास. एवढंही विसरलीस, ढब्बू?" धापा टाकतच त्यांनी हिशेब केला. "संध्याकाळपर्यंत चिंता नाही. धक्क्यावर जा, बोटीवरून नवी बॅटरी घेऊन ये."

दुपारी ती बॅटरी घेऊन धावत परतली. यंत्र बंद पडलं होतं. शेजारच्या मोआलाकाकूने बाबांच्या चेहऱ्यावरून चटई पांघरली होती.

"बाबांचा हिशेब कधीच चुकत नाही गं, काकू!" तिने हंबरडा फोडला.

 

"चुकला नाही, बाळा. तू गेल्यावर म्हणाले, तासाभराचाच चार्ज उरलाय. लेकीने मला तडफडताना बघायला नको."